कोनच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत भाड्याने माल वाहायचो. ट्रक माझा स्वतःचा होता, पण माझ्या हाती आला तेव्हाच तो म्हातारा झालेला. पुढे लांब नाकासारखं बॉनेट असलेली जुनी डिझेल गाडी. आधीच्या मालकाने तिच्यावर रेती वाहिली होती, त्याच्या आधीच्याने गवत. डिझेलचा काटा कायमचा मेलेला, क्लीनरच्या बाजूचं दार सुंभाने बांधलेलं, आणि पाऊस आला की छत नेमकं ड्रायव्हरच्या मांडीवर गळायचं. इंजिन मात्र दणकट. सकाळी दिघाशीत घरासमोर ते सुरू झालं की आवाज शेवटच्या आळीपर्यंत जायचा आणि आई म्हणायची, "उठलं तुझं जनावर."

काम ठरलेलं होतं. गावातून भिवंडीला यायचं, धामणकर नाक्याजवळ दिवसाला लागेल एवढं डिझेल भरायचं, एका कारखानदाराच्या लूमवरचं कोरं कापड गाडीत चढवायचं आणि कल्याणच्या बाजूला रंगाईच्या कारखान्यात पोचवायचं. परत येऊन दुसरी खेप, पुन्हा कल्याण, आणि दिवस कलताना घरी. टाकी गच्च भरायची पद्धत माझी नव्हती. त्या वर्षांत डिझेल जपून भरायची सवय सगळ्यांनाच लागली होती.

उन्हाळा सुरू होत होता तेव्हा गाडीने पहिल्यांदा दगा दिला. दुसरी खेप घेऊन निघालो होतो. कोन गाव समोर दिसायला लागलं आणि इंजिनाने दम सोडला. एखादा माणूस बोलता बोलता शब्द विसरावा तसं ते अडखळलं, दोन-चार धक्के खाल्ले आणि गप्प झालं. मी खाली उतरलो, नाक उघडलं, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागलो. स्क्रूतून फसफस करत फेस आला. म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती.

ज्यांनी डिझेलचं इंजिन हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनाला डिझेल दाबून पाजावं लागतं. पंप डिझेल दाबतो, ते नोझलमधून फवाऱ्यासारखं आत जातं आणि पेटतं. पण नळीत हवा शिरली की पंप त्या हवेलाच दाबत बसतो. हवा दबते, फुगते, पुन्हा दबते आणि पुढे काहीच पोचत नाही. टाकीत डिझेल असून इंजिन उपाशी मरतं.

हवा काढली, गाडी चालू झाली. थोडं अंतर गेलो, पुन्हा बंद. पुन्हा पंप. असं करत करत रंगाईच्या कारखान्यात पोचलो तेव्हा तिथला हमाल जेवून, झोपून, उठून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची खेप लोण्यासारखी गेली. दुपारच्या खेपेला, कोनच्या अलीकडे, त्याच पट्ट्यात गाडी पुन्हा थांबली. तिसऱ्या दिवशीही तेच. रस्त्याकडेच्या शेतात काम करणारे लोक मला ओळखायला लागले. एक म्हातारा बांधावरून आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, ही जागा बरी न्हाय. मागं हितं बैलगाडी बी उलटलेली हाय. एक नारल फोड." मी नारळ फोडला. म्हाताऱ्याला प्रसाद दिला, त्याने घरून तांब्याभर ताक आणून दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच्या बांधासमोरच बंद पडली. त्या दिवशीही त्याने ताक आणलं, पण जागेचं काही बोलला नाही.

माझा क्लीनर आमच्याच गावचा, चांगला थोराड माणूस. रोज दुपारी उन्हात हातपंप मारून त्याचा अंगठा सोलपटला. एके दिवशी त्याने मला सरळ सांगितलं, "दादा, मला लूमवर शिफ्ट मिलते. सावलीतलं काम हाय." मी त्याला अडवलं नाही. तो गेला आणि मी एकटा पडलो. एकट्याने ही गाडी चालवणं म्हणजे स्टार्टर मारायला वर, पंप मारायला खाली, सारखी चढउतार.

तेव्हा बायको म्हणाली, "मी येते."

आमची मुलगी तेव्हा रांगत होती. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आई नको म्हणेल. बाईमाणूस ट्रकमध्ये बसून रोज भिवंडी-कल्याण करणार, हे आमच्याकडे कुणी केलेलं नव्हतं. आई भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "घेऊन जा तिला. हितं बसून दिवसभर रस्त्याकडं बघत राहते. त्यापेक्षा गाडीत बसलेली बरी. पोरीला मी बघते."

अशी बायको माझ्याबरोबर यायला लागली. पदर कमरेला खोचून ती नाकाशी उभी राहायची आणि मी सांगेन तेव्हा हातपंप मारायची. आठवड्याभरात सांगायची गरज उरली नाही. फेस संपून साफ डिझेलची धार लागली की ती स्वतःच स्क्रू आवळायची आणि हात वर करायची. रस्त्यावरचे बाकीचे ट्रकवाले आधी हॉर्न मारून हसायचे. पुढे तेच थांबून विचारायला लागले, "वहिनी, पाणी पाहिजे का?"

गाडी मी दाखवत होतो ती एका मिस्त्रीला. धामणकर नाक्याच्या मागच्या एका बोळात त्याचं पंप-नोझलचं दुकान होतं. उत्तरेकडून आलेला, पिकल्या दाढीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. भिवंडीत काही वर्षांपूर्वी दंगलीचे वाईट दिवस होऊन गेले होते. त्यानंतर कितीतरी लोकांनी आपापल्या दुकानांची आणि मिस्त्रींची वाटणी करून घेतली होती. मला एकदोघांनी सुचवलंही की आपल्यातला कुणी बघ. पण माझ्या गाडीचा पंप आधीच्या मालकापासून चाचाच बघत होता, आणि आजारी माणसाला त्याच्या जुन्या डॉक्टरकडे नेतात तसं मी तिला तिथेच नेलं.

चाचाने पद्धतशीर सुरुवात केली. आधी फिल्टर बदलला. मग टाकीचं झाकण उघडून त्यातलं हवेचं छिद्र तारेने साफ केलं. ते बुजलं तर टाकीतून डिझेल ओढलं जात नाही. मग नोझल काढून आपल्या स्टँडवर लावले. एकेक नोझल धुक्यासारखा बारीक फवारा मारत होता. फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, उघडून त्याचे वॉल्व बदलले. शेवटी मोठा पंपही काढून तपासला. प्रत्येक वेळी मी आशेने निघायचो आणि दुपारी कोनच्या अलीकडे नाक उघडून उभा असायचो.

चाचाच्या दुकानात मात्र गाडी एकदाही बंद पडली नाही. त्याच्या समोर ती तासभर गुरगुरत उभी राहायची, जशी काही शाळेत साहेब आल्यावर शहाणी झालेली.

एका संध्याकाळी चाचा हात पुसत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "देखो भाई, सच बोलूँ? मेरी समझ में नहीं आ रहा."

मी विचारलं, "मग पंपच बदलू या का?"

"पंप बदल दूँ, तो तुम बदलवा लोगे. लेकिन पंप में बीमारी नहीं है. जो बीमारी नहीं है उसका इलाज मैं कैसे करूँ?"

आज इतक्या वर्षांनी त्या माणसाची कोणती गोष्ट सगळ्यात जास्त आठवते, तर ही. मी अडलेला होतो. त्याने नवा पंप माझ्या गळ्यात बांधला असता तर मी हात जोडून घेतला असता. त्याऐवजी तो माझ्या शेजारी फळकुटावर बसून माझ्याइतकाच हैराण झाला.

दुसरी काळजी कारखानदाराची होती. माल रोज उशिरा पोचत होता. मी स्वतःच त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "शेठ, गाडी नीट होईपर्यंत दुसरा ट्रक बघा. तुमचं काम अडतंय."

तो खाडीकाठच्या गावातला, बापजाद्याची जमीन सांभाळून लूम टाकलेला माणूस. लूमच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळे कायम मोठ्याने बोलायचा. "माल भिजला काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"फाटला? चोरीला गेला?"

"नाही, पण उशीर होतो."

"मग होऊ दे. मी पहिले लूम टाकले तेव्हा ते चालायचे कमी आन बसायचे जास्त. तेव्हा सूतवाल्याने पैशांसाठी थांबून मला सांभाळून घेतलं. तू उद्या ये." आणि तो पुन्हा आत खडखडाटात गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी चाचाला एक युक्ती सुचली. त्याच्या दुकानाशेजारी नवी लूमची शेड बांधत होते. गवंड्याकडे पातळी बघायची पारदर्शक नळी होती, पाणी भरून दोन्ही टोकांना धरतात ती. चाचा गेला आणि तिचा एक लांब तुकडा मागून घेऊन आला. टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या जुन्या नळीऐवजी त्याने ती बसवली. केबिनच्या फळीला एक भोक होतंच. त्यातून नळीचा वळसा वर काढून पुन्हा खाली नेला. आता माझ्या आणि बायकोच्या मध्ये, बसायच्या जागेवर, डिझेल वाहताना दिसायला लागलं.

"भाभी," चाचा बायकोला म्हणाला, "ये नली देखते रहना. हवा पीछे से आती होगी तो इसमें बुलबुला दिखेगा. जब दिखे, उसी वक्त गाडी रोको और हर चीज देखो. इंजिन कितना गरम है, रास्ता कैसा है, टंकी कैसी है. अंदाज से मत बोलना, देखकर बोलना."

सकाळच्या खेपेला बायको ती नळी मांडीवर धरून बसली. पिवळसर डिझेल सरळ चाललेलं, एक टिपका हवेचा नाही. दुपारची खेप निघाली. रांजणोली मागे पडलं. मी रस्त्याकडे बघत होतो, ती नळीकडे.

"अवो, आला," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. नळीत मोहरीएवढा बुडबुडा हळूच पुढे सरकत होता. त्याच्या मागे दुसरा. मग ओळच लागली. इंजिन अजून चालू होतं, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. आणखी थोडं चालवलं असतं तर ते त्या म्हाताऱ्याच्या बांधासमोर बंद पडणार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गाडी बंद पडायच्या आधी आम्हाला ते कळलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी बायकोला म्हटलं, "सापडला." ती म्हणाली, "चोर कुठं सापडला? त्याचे पाय दिसले नुसते."

ते खरं होतं. हवा मागून, टाकीच्या बाजूने येत होती एवढं नक्की झालं. पण मागे होतं काय? एक नळी, तिचे सांधे आणि टाकी. सांधे आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलले, नवे वायसर टाकले. बुडबुडे आलेच.

मग एक दिवस असा आला की रंगाईचा कारखाना बंद होता. शेठला वज्रेश्वरीच्या रस्त्याला त्याच्या वाडीवर पत्रे पोचवायचे होते. सकाळी कल्याणला एक खेप आधीच झालेली होती. पत्रे घेऊन आम्ही उलट्या दिशेला निघालो. कोन तिकडे लांब राहिलं, आणि मी मनात म्हटलं, आज आराम. अंबाडीच्या अलीकडे बायकोने माझ्या दंडाला हात लावला. बुडबुडा.

आम्ही दोघं खाली उतरलो. वेगळा रस्ता, वेगळा माल, वारा सुटलेला. जागेचा दोष नव्हता हे तर उघडच झालं. इंजिन गरम होतं, पण फार नाही.

"चाचा बोलले तसं सगलं बघा," ती म्हणाली. "टाकी बघितली काय कधी?"

टाकीत डिझेल आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. काटा मेलेला. मी रस्त्याकडेची निरगुडीची सरळ काठी तोडली, सोलली आणि टाकीत बुडवली. अर्ध्याच्या जरा वरपर्यंत ओली झाली. तिथे मी नखाने खूण केली आणि काठी सीटखाली टाकली. पत्रे उतरवून धडपडत घरी पोचलो.

पुढच्या दिवशी कल्याणच्या वाटेवर बुडबुडा आला तेव्हा तीच काठी पुन्हा बुडवली. ओल बरोब्बर खुणेपाशी थांबली. त्याच्या पुढच्या दिवशी मी मुद्दाम इंजिन झाडाखाली थंड करून निघालो. तरी बुडबुडा आला आणि काठी तिथेच ओली झाली. मी आणि बायको त्या काठीकडे बघत राहिलो. मी रोज सकाळी तेवढंच डिझेल भरत होतो, रोज तेवढाच रस्ता कापत होतो, त्यामुळे रोज त्याच पट्ट्यात डिझेल त्या खुणेखाली जात होतं. आणि चाचाकडे नेताना किंवा सकाळी गावातून निघताना, वाटेत अडकू नये म्हणून मी डब्यातलं डिझेल टाकीत ओतून नेत होतो. म्हणून त्याच्या दारात गाडी शहाणी.

चाचाला सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. त्या वाईट दिवसांनंतर तो आपला बोळ सोडून सहसा कुठे जात नसे, हे मला माहीत होतं. पण तो उठला, फळी ओढून दुकान बंद केलं आणि म्हणाला, "चलो. मैं अपनी आँख से देखूँगा."

आम्ही तिघं केबिनमध्ये दाटीने बसलो. मध्ये चाचा, त्याच्या मांडीवर नळी, आणि पायाशी डिझेलचा भरलेला डबा. कोनच्या अलीकडे बुडबुडे सुरू झाले. मी गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. चाचा नळीवर डोळे लावून बसला आणि बायकोला म्हणाला, "भाभी, डालो." बायकोने टाकीचं झाकण उघडून डबा ओतायला सुरुवात केली. मी खाली उतरून खिडकीतून आत बघत होतो. बुडबुड्यांची ओळ विरळ झाली. एक आला, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. आणि मग नळीत नुसतं पिवळं, स्वच्छ डिझेल.

चाचाने डोळे मिटले, ओठ हलले. मग खाली उतरून टाकीवर थाप मारून म्हणाला, "अंदर की नली."

टाकीच्या वरच्या बाजूने एक नळी आत तळापर्यंत उतरते. तिच्यातूनच डिझेल ओढलं जातं. ती कधी कुणी काढत नाही, कारण ती डिझेलमध्येच बुडालेली, तिला काय होणार? दुकानात परतल्यावर चाचाने ती काढली. दिसायला धड होती. त्याने खालचं टोक अंगठ्याने बंद केलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि वरून फुंकर मारली. मध्याच्या जरा वर, जिथे ती आतल्या पत्र्याच्या पट्टीला घासत होती, तिथून बारीक बारीक बुडबुडे निघाले. पाण्यातून काढल्यावर नीट बघितलं तर केसासारखी चीर. डिझेल चिरेच्या वर असलं की नळी चिरेतूनही डिझेलच ओढायची, कुणाचं काही बिघडत नव्हतं. डिझेल खाली गेलं की चीर उघडी पडायची आणि त्यातून हवा ओढली जायची.

त्याने चीर घासून तिला कथलाचा डाग दिला, पट्टीशी रबराचा तुकडा घातला आणि नळी पुन्हा बसवली. सगळं काम चहा निवायच्या आत झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेपेला कोन कधी आलं आणि कधी गेलं ते मला कळलं, पण बायकोला नाही. ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. इतक्या आठवड्यांची झोप होती ती. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. बांधावरच्या म्हाताऱ्याने आमची गाडी न थांबता जाताना बघून हात वर केला, मीही केला. रंगाईच्या कारखान्यात आम्ही एवढे लवकर पोचलो की जेवणाच्या सुट्टीत लावलेलं फाटक अजून उघडलेलंच नव्हतं. राखणदार म्हणाला, "आज काय झालं?" मी म्हटलं, "काहीच झालं नाही."

पुढे तो ट्रक मी बरीच वर्षं चालवला. नंतर एका वीटभट्टीवाल्याला दिला आणि दुसरी गाडी घेतली. मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत बायको माझ्याबरोबर येत राहिली, आता हौसेने. शेठचा माल मी त्याच्या मुलांच्या काळापर्यंत वाहिला.

कधी कधी मी विचार करतो की त्या उन्हाळ्यात मी गाडी विकून टाकली असती तर काहीच नवल नव्हतं. माझ्याच्याने एकट्याने ते निभलं नसतं. आईने एका वाक्यात बायकोला मोकळं केलं. शेठने मला सोडलं नाही. बायकोने नळीवरून नजर हलवली नाही. आणि चाचाला जे कळत नव्हतं ते कळत नाही असं त्याने सांगितलं. हे सगळे एकाच वेळी माझ्या वाट्याला आले. कुठल्या पुण्याईने, ते मला माहीत नाही.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर मी चाचाला घरी बोलावलं. तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती, पण तो आला, धुतलेला कुर्ता घालून, एसटीने. आळीतले लोक ओट्यांवरून बघत होते. आईने नव्या तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. चाचा ओसरीवर बसला. मुलगी धडपडत चालत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याची दाढी धरून उभी राहिली. त्याने तिला सोडवलं नाही, तसाच मान वाकवून जेवत राहिला. आईने विचारलं, "आणखी वाढू काय?" त्याला मराठी थोडंच यायचं. तो म्हणाला, "आई, थोडा भात पायजे." आई आत गेली आणि पातेलंच घेऊन आली.